तुमच्या रिकाम्या खुर्चीवर बसणारा माणूस

राजीनामा दिला की बहुतेकांचं लक्ष दोन गोष्टींकडे लागतं: नव्या ठिकाणी रुजू व्हायची तारीख आणि जुन्या ठिकाणचा हिशेब. इतकी वर्षं नीट काम केलंय, ते सगळ्यांना ठाऊक आहे, मग नावाची काळजी कशाला, असं वाटतं. पण तुम्ही गेल्यावर तुमच्याबद्दल सगळ्यात जास्त बोलणारा माणूस तुम्हाला ओळखतही नसतो. तो असतो तुमच्या जागी आलेला माणूस. पहिल्या महिन्यात त्याला जे सापडत नाही, ते तो चारचौघांत विचारतो, आणि प्रत्येक प्रश्नात तुमचं नाव येतं. म्हणून आजचा बराचसा वेळ मी हँडओव्हरला, म्हणजे हातातलं काम दुसऱ्याकडे सोपवण्याला, देणार आहे.

हँडओव्हर शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. राजीनामा मंजूर झाला की दोन-तीन दिवसांत हातातल्या कामांचा तक्ता करायला घ्या. प्रत्येक कामापुढे पाच रकाने पुरतात: काम कुठवर आलंय, पुढची तारीख कोणती, कोणाशी बोलायचं, कागद कुठे आहेत आणि काय अडलंय. पाचवा रकाना लोक रिकामा सोडतात, कारण अडलेलं काम लिहिताना कमीपणा वाटतो. पण तुम्ही लिहून ठेवलेली अडचण ही नुसती अडचण राहते. तीच दोन महिन्यांनी दुसऱ्या कोणाला सापडली, तर ती तुम्ही लपवली असंच धरलं जातं.

तक्त्यात सहसा न येणाऱ्या तीन गोष्टी आहेत. पहिली, तोंडी दिलेले शब्द. ग्राहकाला फोनवर सांगितलेली सवलत, पुरवठादाराला वाढवून दिलेली मुदत हे कुठल्याच फायलीत नसतं. ते तारखेसह लिहून वरिष्ठांना मेल करा. दुसरी, तुमच्या नावाने चालणारी यंत्रणा. दर सोमवारी आपोआप जाणारा अहवाल तुमच्या खात्यावरून जात असेल, तर खातं बंद झालं की तोही थांबतो, आणि बऱ्याचदा कोणाच्या लक्षातही येत नाही. कुठल्या सेवेचा ओटीपी तुमच्या खासगी मोबाइलवर येतो, कुठलं नूतनीकरण तुमच्या ईमेलला जोडलंय, ते शोधून बदलून घ्या. तिसरी, फायलींची मालकी. गुगल वर्कस्पेस या ऑफिसच्या मेल-फायलींच्या सेवेत काढून टाकलेलं खातं २० दिवसांपर्यंतच परत आणता येतं, मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये ३० दिवसांपर्यंत. त्यामुळे तुम्ही निघण्याआधीच मालकी दुसऱ्याच्या नावावर करा.

आणि नुसतं समजावून सांगून थांबू नका. नव्या माणसाला ते काम एकदा तुमच्यासमोर करू द्या, तुम्ही हात लावू नका. तो जिथे अडेल, तिथे तुमच्या टिपणात वाक्य कमी आहे असं समजा.

राजीनाम्याच्या पत्रात पद, आजची तारीख आणि कामाचा शेवटचा दिवस एवढं पुरतं. तक्रारी तिथे नकोत, कारण ते पत्र फायलीत राहतं आणि पुढे ते वाचणाऱ्याला मागचा संदर्भ माहीत नसतो. एक्झिट इंटरव्ह्यूत, म्हणजे निघताना कंपनी घेते त्या मुलाखतीत, बोला, पण माणसांपेक्षा कामाच्या पद्धतीबद्दल बोला. ‘साहेब निर्णय घेत नाहीत’ ही तक्रार झाली. ‘मंजुरीला तीन सह्या लागतात, त्यात दहा दिवस जातात’ ही उपयोगी माहिती झाली. निरोपाचा मेल पाच-सहा ओळींचा असू द्या.

फायलींच्या बाबतीत चांगली माणसंही चुकतात. स्वतः केलेलं काम आहे म्हणून शेवटच्या दिवसांत स्वतःच्या मेलवर पाठवतात. अनेक कंपन्यांत बाहेर जाणाऱ्या मेलची आणि पेनड्राइव्हवर उतरवलेल्या फायलींची नोंद होते, आणि राजीनाम्यानंतर ती तपासलीही जाते. हेतू साधा असला तरी नोंदीत हेतू दिसत नाही. नेमणुकीचं पत्र, पगाराच्या पावत्या, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं हे तुमचं. कामाचे नमुने दाखवायचे असतील, तर नेमके कोणते ते सांगून लेखी परवानगी घ्या. उलट बाजूही सांभाळा: लॅपटॉप परत करताना त्यातले खासगी फोटो काढून टाका, पण कामाच्या फायली पुसून ‘स्वच्छ’ करू नका. त्याला पुरावा नष्ट केल्याचं रूप येऊ शकतं.

आता नवीन कंपनीकडून होणारी पडताळणी. तिथे आधी तारखा आणि पद जुळतं का, ते बघतात. नेमणुकीच्या पत्रावर ‘सहायक व्यवस्थापक’ आणि तुमच्या ऑनलाइन प्रोफाइलवर ‘व्यवस्थापक’ असेल, तर तुम्ही काम व्यवस्थापकाचंच करत होतात हे खरं असूनही शंका येते. पद पत्रातलंच लिहा, जबाबदारी खालच्या ओळीत सांगा. नोकरी सुटल्यावर प्रोफाइलवर शेवटचा महिना लगेच टाका.

रेफरन्ससाठी, म्हणजे नव्या कंपनीला तुमच्या कामाबद्दल सांगायला, तीन माणसं ठरवा: एक वरिष्ठ, एक बरोबरीचा, एक दुसऱ्या विभागातला. ‘नाव देऊ का?’ असं विचारलं की संकोचाने कोणीही हो म्हणतं. ‘माझ्या कामाबद्दल तपशिलात बोलता येईल का?’ असं विचारा. उत्तर रेंगाळलं तर दुसरं नाव शोधा. हो म्हणणाऱ्याला नव्या पदाची माहिती आणि तुम्ही त्याच्यासोबत केलेली दोन कामं अर्ध्या पानात पाठवा. अनेक कंपन्या धोरण म्हणून फक्त तारखा आणि पद सांगतात. स्तुती केली नाही म्हणजे वाईट बोलले, असं समजू नका.

तुम्हाला नोकरीवरून काढून टाकलं गेलं असेल, तर निघण्याआधीच एचआरला विचारा, की कोणी चौकशी केली तर काय सांगितलं जाईल. ते शब्द लेखी मिळवा आणि मुलाखतीत त्यांच्याशी जुळेल असंच बोला. कारण दोन वाक्यांत सांगा, खरं सांगा आणि त्यानंतर तुम्ही कामात काय बदललंत त्याकडे वळा. कोणी तुमच्याबद्दल चुकीची माहिती देतंय असं कळलं, तर कधी, कोणाला, काय सांगितलं याची नोंद करून आधी एचआरला दुरुस्तीसाठी लिहा. तरीही थांबलं नाही तर वकिलाचा सल्ला घ्या. समाजमाध्यमांवर उत्तर देऊ नका. तुमचा राग खरा असतो, पण वाचणारा पुढचा मालक त्यात स्वतःची कंपनी बघतो.

गेल्यानंतर जुन्या ठिकाणचे फोन येतील. पहिले काही आठवडे छोट्या प्रश्नांना जरूर उत्तर द्या. काम तासांवर जाऊ लागलं, तर नव्या मालकाशी झालेला करार आड येत नाही ना ते बघून लेखी ठरवून करा. आणि जुना पासवर्ड अजून चालतोय असं आढळलं, तर ‘जरा फाईल बघून सांगतो’ म्हणून आत जाऊ नका. त्याच दिवशी मेल करून तो बंद करायला सांगा.