पोस्टकार्डावरचा आठवडा

पोस्टकार्डावर रंगीत रेघा आहेत, ठिपके आहेत. पहिल्या नजरेला साडीचा काठच वाटावा. आता कार्ड उलटून पाहा. मागे पत्ता, तिकीट, आणि बारीक अक्षरांत सूची, नकाशाला असते तशी. ही रेघ कशाची, हा रंग कशाचा. ती वाचून पुन्हा पुढची बाजू पाहिली, की काठ दिसेनासा होतो. दिसतो एका बाईचा अख्खा आठवडा.

जॉर्जिया लुपी मूळच्या इटलीच्या, राहायला न्यूयॉर्कला. स्टेफनी पोसावेक मूळच्या अमेरिकेच्या, राहायला लंडनला. आकडे आणि माहिती चित्रांतून मांडणं हाच दोघींचा व्यवसाय. जेमतेम दोनदा भेटलेल्या. तेवढ्या ओळखीवर १ सप्टेंबर २०१४ ला त्यांनी 'डिअर डेटा' सुरू केलं. दर आठवड्याला एक विषय घ्यायचा, सात दिवस त्याच्या नोंदी करायच्या, मग त्या हाताने कार्डावर उतरवून अटलांटिकपार धाडायच्या. ५२ आठवडे, १०४ कार्डं.

पहिला विषय घड्याळ. दिवसात किती वेळा पाहिलं? पुढे आभार आले, तक्रारी आल्या, हसणं, आरसे, अगदी दारंसुद्धा.

विषय एकच, पण चित्रं दोन तऱ्हेची. कारण नुसतं 'किती वेळा' मोजून भागत नाही. तक्रार केली, ती कशाबद्दल? कोणापुढे? की मनातच राहिली? काय टिपायचं आणि काय सोडून द्यायचं, हे जिचं तिने ठरवायचं, आणि तिथेच तिचा स्वभाव कागदावर येतो. मला या कामातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. मनगटावरचं यंत्र आपली पावलं मोजतं. पण आपण कोणाला भेटायला निघालो होतो, ते त्याला ठाऊक नसतं.

आणि वर्षभर हे टिपत राहणं सोपं नव्हे. हसू आलं, की थांबून त्याची नोंद करायची. कोणाचे आभार मानले, की तेही लिहून ठेवायचं. मग कागदापुढे बसून तो क्षण एका छोट्या खुणेत बसवायचा. प्रत्येक खुणेपाशी तो दिवस पुन्हा आठवावा लागतो.

टपालात काही कार्डं खराब झाली, काही हरवली. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या 'म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट'ने ही कार्डं कायमच्या संग्रहात घेतली. तोवर दोघी एकमेकींच्या जिवलग झाल्या होत्या.