पांगुळगाडा कधी काढायचा?

(सांगलीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय विकसनशील देशांच्या औद्योगिक धोरणाचा आहे, पण मी सुरुवात आपल्या कुंडलच्या माळापासून करतो. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावची जागा सोडावी लागली. तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळची 32 एकर जमीन दिली. सगळीकडे निवडुंग माजलेला. त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तिथून लोखंडी नांगर गावोगाव गेले. औंध म्हणजे 72 गावांचं संस्थान. देण्यासारखं त्याच्याकडे फार नव्हतं: जमीन, थोडं कर्ज आणि राजाचा शब्द. तरीही ते औद्योगिक धोरणच होतं, आणि उत्तम धोरण होतं, असं मी मानतो.

कारण त्या काळी इंग्रज सरकारचं मत वेगळं होतं. बाजार आपलं बघून घेईल, सरकारनं मध्ये पडू नये, हे ते मत. न्यायमूर्ती रानड्यांनी 1892 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात याच मताला आव्हान दिलं. इंग्लंडात लागू पडलेले अर्थशास्त्राचे नियम जसेच्या तसे इथे लागू होणार नाहीत, असं त्यांनी मांडलं. जर्मनीच्या फ्रेडरिक लिस्ट या अर्थतज्ज्ञाचा विचार त्यांच्यासमोर होता. नवा उद्योग तान्हा असतो, पायावर उभा राहीपर्यंत त्याला बाहेरच्या मालापासून संरक्षण द्यावं, असं लिस्ट 1841 साली सांगून गेला होता. आपण मुलाला पांगुळगाडा देतो, तसंच हे. फक्त आई मुलाचं पाऊल बघते आणि एक दिवस गाडा माळ्यावर टाकते. माझ्या मते औद्योगिक धोरणाचं सगळं दुखणं या शेवटच्या कामात आहे.

आपल्या भागाला जवळचं उदाहरण साखरेचं. 1932 साली साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला. जावाहून येणाऱ्या साखरेवर जकात बसली आणि चार-पाच वर्षांत देशातले कारखाने कितीतरी पटींनी वाढले. संरक्षणाची मुदत 1946 पर्यंत, हे त्या कायद्यातच ठरलेलं होतं. पुढे ती वाढवली गेली हे खरं, पण निदान तारीख होती. नंतर आपल्याकडे सहकारी कारखाने आले. सरकारनं भागभांडवल दिलं, कर्जाला हमी दिली. त्यातून या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घरात पैसा आला, शाळा-कॉलेजं निघाली. ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण अमुक वर्षांत कारखाना स्वतःच्या ताकदीवर चालला नाही तर काय, हे कुणी लिहून ठेवलं नाही.

स्वातंत्र्यानंतर 1951 चा उद्योग नियमनाचा कायदा आला आणि लायसन्स सुरू झालं. नवा कारखाना, वाढीव उत्पादन, नवा माल, सगळ्याला परवाना. मंजुरीपेक्षा फार जास्त माल काढला तर तो गुन्हा! 1967 पासून काही वस्तू लघुउद्योगांसाठी राखीव झाल्या. सुरुवातीला 47 होत्या, पुढे यादी 800 च्या वर गेली. हेतू चांगला होता, त्याबद्दल मला शंका नाही. पण परिणाम मी घरात पाहिला. माझे मामा बैलानं ओढायची शेतीची अवजारं बनवायचे, तीही राखीव यादीतली. 1980 नंतर यंत्रांतली गुंतवणूक 20 लाखांच्या आत असेल तरच लघुउद्योग, असा नियम होता. मामांचं काम वाढलं, तसं त्यांनी शेजारची शेड मामींच्या नावावर घेतली आणि मध्ये भिंत घातली. एकच लेथ, म्हणजे कातायचं यंत्र, दोन्हीकडे लागायचं, तर घडवायचा तुकडा डोक्यावर घेऊन रस्त्यावरून वळसा मारून न्यायचे. शहाणा, कष्टाळू माणूस. त्याची अक्कल लहान राहण्यात खर्च झाली. याचं मला आजही वाईट वाटतं.

आता दक्षिण कोरियाकडे बघा. 1961 साली लष्करी उठावानं पार्क चुंग-ही सत्तेवर आले, बँका सरकारनं ताब्यात घेतल्या. आपल्याकडेही 1969 साली बँका सरकारी झाल्या. मग फरक कुठे पडला? तिथे स्वस्त कर्ज हवं तर निर्यात दाखवावी लागे. दिलेलं लक्ष्य गाठलं नाही की पुढच्या कर्जाला अडचण. पोलाद कारखान्यासाठी परदेशी कर्ज मिळेना, तर जपानकडून त्याच्या जुन्या राजवटीच्या भरपाईपोटी मिळालेला पैसा त्यात घातला आणि 1973 साली पोस्कोचं पोलाद बाहेर पडलं. पोस्को पुढे जगाच्या बाजारात टिकली. मात्र कामगारांच्या संघटना तिथे दडपल्या गेल्या, आणि 1970 च्या दशकाअखेर अवजड उद्योगांत नको इतकी क्षमता उभी राहून कर्जाचा बोजा झाला. ती हुकूमशाही आपल्याला नको. घ्यायचं ते एवढंच, की दिलेल्या पैशाच्या बदल्यात मोजता येईल असं काहीतरी मागायचं, आणि ते मिळालं नाही तर हात आखडता घ्यायचा.

24 जुलै 1991 ला आपलं लायसन्स बहुतेक उद्योगांतून गेलं. राखीव यादीतल्या शेवटच्या वस्तू मात्र 2015 साली सुटल्या. 2020 पासून उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना आहे. वाढीव विक्री दाखवा, मग पैसे. अट आधी, पैसा नंतर, हे मला पटतं. पण ही मोजणी मोठ्या कंपन्यांना सोपी. आपल्या कुपवाड औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीवाल्याकडून, म्हणजे लोखंड ओतणाऱ्याकडून, काय मागायचं? त्याच्याकडे कास्टिंग किती वाया जातं, टनामागे वीज किती लागते, त्याचा पोरगा नवं मशीन शिकला का, हे मोजता येईल. आणि हे मोजायला माणूस जिल्ह्यातच बसलेला लागेल, त्याला साचा आणि भट्टी ओळखता आली पाहिजे. औंधच्या राजाला आपला माळ दिसत होता, त्यावर काय उभं राहतंय तेही दिसत होतं.

समोर कुपवाडची बरीच मंडळी दिसताहेत. तुमच्या शेडमध्ये काय मोजावं, हे आता तुमच्याकडून ऐकतो.