ज्युरासिक कोस्ट पायीच का बघायचा? गाइडबरोबरच्या चालण्यातून उलगडलेला इंग्लंडचा किनारा

नमस्कार मंडळी!

आधी हे बघा. (वस्तू कॅमेऱ्याजवळ) अंगठ्याच्या नखाएवढी चकती आहे. शंखासारखी गोल वळलेली, आणि उजेडात धरली की पितळेसारखी चमकते. हा अमोनाइट. एकोणीस-वीस कोटी वर्षांपूर्वी समुद्रात पोहणारा जीव. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर चारमथ नावाचं गाव आहे, तिथे गोट्यांमध्ये पडलेला मिळाला. कोणी खोदून काढलेला नाही. कडा ढासळला, लाटांनी चिखल धुतला आणि हा उरला.

आज बोलायचंय या ज्युरासिक कोस्टबद्दल. पश्चिमेला एक्समथपासून पूर्वेला स्टडलंडजवळच्या ओल्ड हॅरी रॉक्सपर्यंत, साधारण दीडशे किलोमीटर. युनेस्कोने २००१ साली याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. गाडीने फिरलात तर चार सुंदर फोटो मिळतील, पण किनारा कळणार नाही. मी गाइड असलेल्या गटाबरोबर चालले आणि फरक पहिल्याच दिवशी कळला.

वह्यांची चळत एका बाजूला ढकलली की ती कलंडते आणि प्रत्येक वहीची कड दिसायला लागते, बरोबर? इथले थर तसेच पूर्वेकडे किंचित कललेले आहेत. एक्समथला लालभडक खडक आहेत. तो जवळजवळ पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या वाळवंटाचा थर. पूर्वेला चालत राहिलात की वाळवंट संपतं आणि उबदार समुद्राचा तळ सुरू होतो. अगदी शेवटी पांढराशुभ्र खडूचा दगड. सगळे मिळून साडेअठरा कोटी वर्षांचे थर. हा क्रम पायांनीच लक्षात राहतो, कारण खडक बदलला की वाटेचा रंग बदलतो, बुटांना चिकटणारा चिखलही बदलतो.

गाइड का हवा? माहितीसाठी तर हवाच, पण त्याआधी भरतीसाठी. आमच्या गाइडच्या खिशात रोज भरती-ओहोटीचं वेळापत्रक असायचं आणि नाश्त्याची वेळसुद्धा त्यावर ठरायची. पाणी उतरत असताना निघायचं आणि चढायच्या आत परत फिरायचं. चारमथजवळच्या लाइम रीजिस गावाच्या आसपास मागे कडा आणि पुढे समुद्र अशी अरुंद पट्टी आहे. तिथे उशीर झाला तर पळायला जागाच नाही.

आणि कड्याच्या पायथ्याशी बसायचं नाही म्हणजे नाही. याच लाइम रीजिसमध्ये १७९९ साली, पुढे जीवाश्म शोधण्यासाठी गाजलेली मेरी अॅनिंग जन्मली. १८११ मध्ये तिच्या भावाला एका प्रचंड प्राण्याची कवटी सापडली. पुढच्या वर्षी, जेमतेम बारा-तेरा वर्षांच्या मेरीने उरलेला सांगाडा शोधला. तो इक्थिओसॉर होता, म्हणजे माशासारख्या आकाराचा समुद्री सरपटणारा प्राणी. १८२३ मध्ये तिला प्लेसिओसॉरचा, म्हणजे लांब मानेच्या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचा, जवळपास अख्खा सांगाडा मिळाला. लंडनच्या भूवैज्ञानिक मंडळींनी आपल्या सभांमध्ये तिच्या शोधांवर निबंध सादर केले, पण बाई म्हणून तिला त्यांच्या सोसायटीत जागा नव्हती. हे मला अजूनही टोचतं. १८३३ मध्ये तिच्या डोळ्यांदेखत दरड कोसळली आणि तिचा कुत्रा ट्रे त्या दरडीखाली गेला. गाइडने ही गोष्ट आम्हाला त्याच कड्यांकडे बोट दाखवून सांगितली. त्यानंतर कोणालाही दोनदा 'मागे व्हा' म्हणावं लागलं नाही.

जीवाश्म शोधण्यात गटाचा फायदा भारी असतो. दहा माणसं म्हणजे वीस डोळे. सुटा पडलेला उचलायला हरकत नाही, कडा मात्र खणायचा नाही, आणि काही महत्त्वाचं सापडलं तर चारमथच्या केंद्रात नोंद करायची.

(पडद्यावर: लल्वर्थ कोव्हचं वरून दृश्य)

आता माझा सगळ्यात आवडता दिवस, लल्वर्थ. आफ्रिकेकडून आलेल्या ज्या रेट्याने आल्प्स उभे राहिले, त्याच हालचालीत इथले थर दुमडले आणि जवळजवळ उभे झाले. समुद्राच्या बाजूला कठीण पोर्टलंड चुनखडीची भिंत, तिच्यामागे मऊ वाळू आणि चिकणमाती, आणि सगळ्यात मागे खडूचा डोंगर. पहिला थांबा स्टेअर होल. समुद्राने भिंतीला भोकं पाडलीत आणि मागची माती नुकतीच ओढायला घेतलीय. दुसरा लल्वर्थ कोव्ह. इथे भिंत फुटली, माती वाहून गेली, पण खडू चिवट निघाला, म्हणून पाणी आडवं पसरलं आणि वाटीसारखी गोल खाडी झाली. मग दोनेक किलोमीटरचा दमवणारा चढ-उतार करून डर्डल डोअर. तिथे माती गेलीच, भिंतही बरीचशी गेली, आणि उरली ती एक कमान. एकच गोष्ट, तीन वयांतली, अर्ध्या दिवसात! कमानीसमोर मी बराच वेळ काही न बोलता उभी होते.

चेझिल बीचबद्दल थोडक्यात सांगते. जवळजवळ २९ किलोमीटरचा गोट्यांचा बांध आहे. पश्चिम टोकाला गोटे वाटाण्याएवढे, आणि पूर्व टोकाच्या पोर्टलंड बेटाकडे जाताना मोठे होत होत बटाट्याएवढे. पूर्वीचे कोळी म्हणे अंधारात होडी लावली तरी गोटा चाचपून कुठे आलोय ते ओळखायचे. इथले गोटे घरी न्यायला मनाई आहे.

एक कामाची सूचना. लल्वर्थच्या पूर्वेला लष्कराचं गोळीबाराचं क्षेत्र आहे. शनिवार-रविवारी बहुतेकदा वाट उघडी असते, इतर दिवशी बरेचदा बंद. बुकिंग करताना हे आवर्जून विचारा. आणि गोल्डन कॅप या उंच कड्याचा टप्पा असेल तर तयारीने जा, १९१ मीटर उंची समुद्रापासून थेट चढायची आहे.

शेवटच्या दिवशी आम्ही ओल्ड हॅरीपाशी पोचलो. खडूचे सुटे, पांढरे सुळके पाण्यात उभे आहेत. त्यातल्या ओल्ड हॅरी नावाच्या सुळक्याशेजारी एक बारीक सुळका होता, लोक त्याला हॅरीची बायको म्हणायचे. १८९६ साली तो समुद्रात कोसळला. गाइडने बोट दाखवलं तेव्हा दिसलं, बुंधा अजून तिथेच आहे आणि त्यावर एक पाणकावळा पंख वाळवत बसला होता.