राजीनाम्याला आवक नंबर देऊ नका

नमस्कार श्रोतेहो. डबे भरता भरता, शिलाई मशीनवर बसल्या बसल्या रेडिओ ऐकणाऱ्या माझ्या बहिणींना आज जरा जास्तच मनापासून नमस्कार.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका सरकारी कार्यालयात आवक-जावक लिपिक आहे. बाहेरून येणारा प्रत्येक कागद आधी माझ्या टेबलावर येतो. मी त्यावर शिक्का मारते, तारीख टाकते, रजिस्टरला नोंद घेते आणि नंबर देते. एकदा नंबर पडला की तो कागद कोणाला खिशात घालून परत नेता येत नाही. अडीच वर्षांपूर्वी, डिसेंबरातल्या एका दुपारी, त्या टेबलावर माझ्याच अक्षरातला एक कागद होता. माझा राजीनामा. शिक्का शाईच्या पॅडवर टेकवून मी हात उचलला होता.

त्याच्या तीन दिवस आधी रिपोर्ट आला होता. डाव्या स्तनात कॅन्सर. घरी सगळ्यांनी एकच सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "माय, आता घरी बस. जिवापरीस नोकरी मोठी हाय का?" आमचे हे म्हणाले, "शेत आहे, भागवू कसंतरी." सगळं मायेनंच बोलत होते. मलाही वाटलं, आता कुठली नोकरी अन् कुठलं काय.

आमच्या शिपाई मावशी चहा ठेवायला आल्या. त्यांना वाचता फारसं येत नाही, पण माझा चेहरा त्यांना वाचता येतो. "काय लिहायलीस बाई?" म्हणाल्या आणि कागद तसाच उचलून आस्थापनेच्या भाऊसाहेबांकडे घेऊन गेल्या. भाऊसाहेब कागद न वाचताच कपाटाकडे गेले आणि माझं सेवापुस्तक काढून आणलं. त्यात रजेचा हिशेब असतो, तो त्यांनी माझ्यासमोर उघडला. चौदा वर्षांच्या नोकरीत माझी अर्जित रजा, म्हणजे पूर्ण पगाराची साठलेली रजा, १८० दिवस शिल्लक होती. अर्धपगारी रजा २४० दिवस. म्हणाले, "ताई, डॉक्टरांचा दाखला असला की अर्धपगारीची परिवर्तित रजा होते. दोन दिवस जमेतून जातात, एक दिवस पूर्ण पगार मिळतो. १८० आणि १२०, मिळून ३०० दिवस. दहा महिन्यांचा पगार तुमच्या नावावर पडलाय आणि तुम्ही राजीनामा द्यायल्या?"

मी स्वतः कार्यालयात काम करणारी बाई. दुसऱ्यांचे रजेचे अर्ज रोज माझ्या हातातून जातात. तरी माझ्या खात्यावर काय आहे, हे मला माहीत नव्हतं. म्हणून आज इथं बोलायला आले. आजाराचं कळल्याच्या पहिल्या पंधरा दिवसांत नोकरीबद्दल कोणताही कायमचा निर्णय घेऊ नका. त्या दिवसांत डोकं आपलं नसतं.

हा आजार आपल्याकडे काही मोजक्या जणींचा राहिलेला नाही. २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार बायांना स्तनाचा कॅन्सर नव्यानं झाल्याचा जागतिक अंदाज आहे. बायकांच्या कॅन्सरमध्ये आपल्या देशात हा पहिल्या नंबरवर आहे. पाश्चात्त्य देशांच्या मानानं आपल्याकडे तो बायांना साधारण दहा वर्षं आधी गाठतो. म्हणजे ऐन नोकरीच्या वयात, लेकरांच्या शाळा चालू असताना, घराचे हप्ते चालू असताना. तेव्हा उपचार आणि नोकरी हे दोन्ही एकाच बाईच्या अंगावर येणार, हे धरूनच चालायला पाहिजे.

आता उपचाराचं सांगते, कारण नोकरीचं गणित त्यावरच बसवावं लागतं. प्रत्येकीचा उपचार वेगळा असतो, माझा असा होता. जानेवारीत ऑपरेशन, फेब्रुवारीपासून केमो, पावसाळा सरता सरता शेक, म्हणजे रेडिएशन. केमोचे पहिले चार डोस दर २१ दिवसांनी. पहिल्या डोसानंतर मी एक साधी गोष्ट केली, भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोज पेन्सिलीनं लिहीत गेले. "उठवत नाही." "वरणभात गेला." "जिभेला चव नाही." "आज केस विंचरले." २१ दिवसांनी बघितलं तर त्या पेन्सिलीच्या खुणांत ठरीव चाल होती. पहिला आठवडा पूर्ण आडवा. दुसऱ्या आठवड्यात उठता येतं, पण तेव्हा रक्तातल्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात, साधा सर्दी-पडशाचा माणूस शेजारी बसला तरी धोका. तिसरा आठवडा मात्र माझा होता. जेवण जायचं, चालता यायचं, डोकं चालायचं.

तोच कागद घेऊन मी साहेबांकडे गेले. "मी येईन तेव्हा येईन" असं मी म्हटलं नाही. या तारखा घरी, या तारखांना कार्यालयात, असं लिहून दिलं. साहेबांनाही बरं वाटलं, कारण त्यांना माझ्या टेबलाची सोय लावता आली. साहेबाला किंवा मालकाला दया दाखवायची असते, पण ती कशी दाखवायची हे त्याला कळत नाही. तारखा दिल्या की त्याचं काम सोपं होतं.

नंतरचे बारा डोस दर आठवड्याला होते. डॉक्टरांना विचारून मी वार शुक्रवार धरला. सरकारी कार्यालयांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, त्यामुळे शनिवार-रविवार अंगावर काढायला मिळायचे आणि सोमवारी टेबलावर. मराठवाडा एक्सप्रेसनं संभाजीनगर, आमखास मैदानाजवळचं सरकारी कर्करोग रुग्णालय, आणि रात्री बहिणीकडे सिडकोत मुक्काम. डोसाचा वार कधी कधी आपल्या सोयीनं धरता येतो, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. विचारा.

केस मार्चमध्ये गेले. उशीवर, न्हाणीत, डब्याच्या झाकणावर सुद्धा. पण परभणीचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे कोणती बाई तोंडाला स्कार्फ न बांधता स्कूटीवर निघते? त्या दोन महिन्यांत मी सगळ्यांसारखीच एक होते. जूनमध्ये पाऊस पडला, सगळ्यांचे स्कार्फ सुटले, माझा तसाच राहिला. तेव्हा खिडकीवर आलेल्या एका आजीबाईंनी विचारलं, "पोरी, तिरुपतीला जाऊन आलीस का?" मी म्हटलं, "नाही आजी, औषधानं गेले." आजीबाईंनी खिडकीतून हात घालून माझ्या डोक्यावरून फिरवला आणि मग सातबाऱ्याचं विचारलं.

आता एक दुखणं सांगते, ते केमोचं नव्हतं. आमच्याकडे हजेरीला अंगठ्याचं यंत्र आहे. जूनपासून माझ्या बोटांना मुंग्या यायच्या, टाचणी हातात धरलेली कळायची नाही, आणि बोटांच्या टोकांची कातडी सोलून निघाली. काही औषधांनी असं होतं. यंत्र माझा अंगठा घेईना. मी रोज दहाच्या आत टेबलावर हजर, शिक्के मारतेय, आणि यंत्राच्या हिशेबानं गैरहजर. महिन्याच्या शेवटी माझ्याच आवक टेबलावर माझ्या नावाचं पत्र आलं. विनापरवानगी गैरहजर राहिल्याबद्दल खुलासा करावा. त्याला नंबर मीच दिला. त्या रात्री मी खूप रडले, ऑपरेशनच्या दिवशी सुद्धा इतकी रडले नव्हते. आजारानं माझं पुष्कळ काही नेलं होतं, पण मी तिथं होते, एवढं तरी कोणी नाकारू नये, असं वाटत होतं.

त्यावर उपाय निघाला तो एका चिठ्ठीनं. आमच्या डॉक्टर मॅडमनी लिहून दिलं की उपचारामुळे बोटांचे ठसे उमटत नाहीत, तेव्हा सहीनं हजेरी घ्यावी. त्याच कागदावर पुढं लिहिलं की डाव्या काखेतल्या गाठी काढल्या आहेत, त्या हातानं जड वजन उचलायला लावू नये. मग जुनी रजिस्टरं वरच्या फळीवरून काढायचं काम माझ्याकडून गेलं. डाव्या हाताला सूज येऊ नये म्हणून भिंतीवर बोटं चढवत न्यायचा व्यायाम असतो, तो मी दुपारच्या सुट्टीत रेकॉर्ड रूमच्या भिंतीला करायची. मावशी दाराशी उभ्या राहायच्या.

म्हणून बायांनो, डॉक्टरांकडून नुसती "विश्रांती घ्यावी" अशी चिठ्ठी घेऊ नका. काय जमेल आणि काय जमणार नाही, हे दोन्ही लिहून घ्या. ती चिठ्ठी अर्जाला जोडा, आवकला द्या, आणि तुमच्या प्रतीवर पोहोच घ्या. हे मी आवकच्या टेबलावरून सांगतेय. तोंडी झालेलं बोलणं साहेब बदलले की संपतं.

खाजगी नोकरीतल्या बहिणींसाठी आता सांगते. वॉर्डात माझ्या शेजारी वाळूजच्या एका कंपनीत पॅकिंगला असलेली पोरगी होती, पस्तीस-छत्तीसची. सुपरवायझरनं तिला सांगितलं होतं, "घरी जा, बरी झाल्यावर बघू." पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या राज्य विम्याची, कपात दिसते का, बघ म्हटलं. होती. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांना हा विमा लागू होतो. आजारपणात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो. कॅन्सरसारख्या लांबच्या आजारात, नोकरीला दोन वर्षं झालेली असली आणि हप्ते भरलेले असले, तर पुढेही ८० टक्क्यांनी भत्ता चालू राहतो, सगळं मिळून दोन वर्षांपर्यंत. आणि हा भत्ता चालू असताना मालकानं कामावरून काढू नये, हे १९४८ च्या ईएसआय कायद्यातच लिहिलेलं होतं. त्या पोरीनं घरी जाण्याआधी चिकलठाण्याला ईएसआयच्या दवाखान्यात जाऊन दाखला घेतला. पीएफमधूनही आजारासाठी पैसे काढता येतात.

पण अंगणवाडीतल्या ताई, आशाताई, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावश्या, आणि आपल्या बीडच्या ऊसतोडीला जाणाऱ्या बाया? एक दिवस खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो, तिथं २१ दिवसांचं कॅलेंडर कोणाला दाखवायचं? मला याचं उत्तर देता येत नाही आणि ते मनाला फार लागतं. त्यांच्यासाठी एवढं सांगते की महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात. उपचाराला जाताना रेल्वेत स्लीपरचं तिकीट कॅन्सरच्या रुग्णाला पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत आहे. रुग्णालयातून फॉर्म भरून घ्यावा लागतो. गाठ लागली की दाखवायला उशीर करू नका, कारण आजार लवकर सापडला तर पुष्कळदा उपचार आटोपशीर होतो, आणि मजुरीचे दिवसही कमी बुडतात.

शेकाच्या वेळी सोमवार ते शुक्रवार, तीन आठवडे, पंधरा वेळा जायचं होतं. प्रत्येक वेळी मशीनखाली मिनिटं दोन-चारच, पण रोज जावं लागतं, म्हणून ते दिवस मी रजेवर बहिणीकडे काढले. त्यानंतर रुजू झाले. रुजू अहवाल मी लिहिला, माझ्याच टेबलावर ठेवला आणि शिक्का मारला. बोटांना तेव्हाही नीट कळत नव्हतं, म्हणून शिक्का जरा तिरपा उमटला. भाऊसाहेब म्हणाले, "चालतंय ताई, वाचता येतंय." राजीनाम्याचा तो कागद त्यांनी मला कधी परत दिला नाही. मीही मागितला नाही.

आता रोज एक गोळी आहे, पाच वर्षं घ्यायची. दोन होत आली, तीन राहिली. हिनं अचानक अंगातून वाफा निघतात, थंडीतसुद्धा पंखा लावावा लागतो, आणि खोलीतले बाकीचे तीन जण स्वेटर घालून बसतात, पण पंखा बंद करा म्हणत नाहीत. अकरा वाजले की मावशी चहाच्या आधी माझ्या टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवतात आणि मी गोळी घेईपर्यंत तिथंच उभ्या राहतात.

नमस्कार.