टीव्हीवर 'लाइव्ह' लिहिलंय, पण ते नक्की कधीचं?

नमस्कार मंडळी. आज थेट एका कमेंटपासून सुरुवात करते, कारण गेल्या पावसाळ्यापासून वेगवेगळ्या शब्दांत हाच प्रश्न येतोय. पंचवटीतून एका दादांनी लिहिलंय: "ताई, घरात टीव्हीवर न्यूज चॅनल चालू होतं आणि मोबाइलवर त्याच चॅनलचं यूट्यूब लाइव्ह. टीव्हीवरची रिपोर्टर वाक्य बोलून मोकळी झाली आणि मोबाइलवर तीच बाई तेच वाक्य कितीतरी वेळाने बोलली. मग यातलं लाइव्ह कोणतं?"

फार चांगला प्रश्न आहे. आजचा सगळा व्हिडिओ यावरच.

त्याआधी मागची गोष्ट भराभर सांगते, कारण ती तुम्हाला बरीचशी माहीत आहे. २ ऑक्टोबर १९७२ ला दूरदर्शनचं मुंबई केंद्र सुरू झालं आणि पुढची अनेक वर्षं मराठी बातम्या म्हणजे संध्याकाळी ठरलेल्या वेळेला जे येईल ते. २००७ मध्ये झी २४ तास आणि स्टार माझा आले, त्यातलं स्टार माझा २०१२ पासून एबीपी माझा झालं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि सगळी चॅनल्स चोवीस तास यूट्यूबवर दिसायला लागली. आज देशात पैसे भरून डीटीएच वापरणारे, जे एकेकाळी सात कोटींच्या घरात होते, ते सहा कोटींच्या खाली आलेत. अमेरिकेत मे २०२५ मध्ये स्ट्रीमिंग बघण्यात गेलेला वेळ पहिल्यांदाच केबल आणि ब्रॉडकास्ट या दोन्हींच्या एकत्रित वेळेपेक्षा जास्त भरला. झालं, एवढं पुरे.

आपल्या नाशिककरांसाठी मला हे सिंहस्थाच्या हिशोबात सांगावंसं वाटतं. २००३ च्या सिंहस्थात चोवीस तासांचं एकही मराठी न्यूज चॅनल नव्हतं. त्या वर्षी २७ ऑगस्टला चेंगराचेंगरीत तीसहून जास्त भाविक गेले, तेव्हा कित्येक घरांना माणूस सुखरूप आहे की नाही हे कळायला रात्र उलटली. २०१५ ला मी स्वतः रामकुंडावर रिपोर्टर म्हणून उभी होते. तेव्हा मराठी चॅनल्स होती, ओबी व्हॅनची, म्हणजे जागेवरूनच थेट प्रक्षेपण करणाऱ्या गाड्यांची, रांग होती, बॅरिकेडमधून केबल ओढत कॅमेरामन पळत होते. पण जिओ नव्हतं. घाटावरच्या माणसाच्या हातातला फोन फार तर फोटो काढायला. आता ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. म्हणजे प्रत्येकाच्या हातात लाइव्ह करायची सोय असलेला हा नाशिकचा पहिलाच सिंहस्थ. म्हणून पंचवटीच्या त्या दादांचा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही.

आता उत्तर. टीव्हीचा सिग्नल स्टुडिओतून वर उपग्रहाकडे जातो, सुमारे ३६ हजार किलोमीटर, आणि तुमच्या डिशवर किंवा केबलवाल्याकडे खाली येतो. या जाण्यायेण्याला सेकंदाचा जेमतेम पाव भाग लागतो. शिवाय चित्र दाबून लहान करायचं आणि तुमच्या बॉक्सने ते परत उलगडायचं, यात काही सेकंद जातात. म्हणजे टीव्हीसुद्धा अगदी त्या क्षणाचा नाही, पण जवळपास आहे.

यूट्यूबवर गोष्ट वेगळी. तिथे व्हिडिओचे काही काही सेकंदांचे तुकडे केले जातात आणि इंटरनेटवरून एकेक पाठवले जातात. तुमचा फोन लगेच पहिला तुकडा दाखवत नाही. आधी दोन-चार तुकडे गोळा करतो, मग चालू करतो, म्हणजे मधेच नेट गेलं तरी चित्र अडकू नये. त्यामुळे दहा-वीस सेकंद, कधी अर्धा मिनिट, कधी त्याहूनही जास्त उशीर होतो. लाइव्ह करणाऱ्याला यूट्यूबमध्ये नॉर्मल, लो आणि अल्ट्रा-लो लेटन्सी (लेटन्सी म्हणजे हाच उशीर) असे पर्याय असतात. मी नॉर्मल ठेवते, कारण पेठ-सुरगाण्यातून बघणाऱ्यांचं नेट धड नसतं आणि उशीर कमी केला की त्यांच्याकडे चाक गरगरत बसतं.

एवढा उशीर मला चालतो. अर्ध्या मिनिटाने कोणाचं काही बिघडत नाही. मला खटकतं ते दुसरंच.

माझ्या मामाचं भांडी बाजारात दुकान आहे. पावसाळ्यात तिथल्या आणि सराफ बाजारातल्या लोकांचं लक्ष दोनच गोष्टींवर असतं: गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं आणि गोदावरीच्या, म्हणजे आमच्या गंगेच्या, पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं. कमरेला, छातीला की गळ्याला, त्यावर माल हलवायचा की नाही हे ठरतं. मागे एका रात्री साडेनऊला मामाने एका चॅनलवर पाहिलं, मारुतीच्या गळ्यापर्यंत पाणी आणि कोपऱ्यात लाल अक्षरात लाइव्ह. मामाने टेम्पो बोलावला, दोन पोरं बोलावली, अर्धं दुकान खाली केलं. मग मामी म्हणाली, "अहो, बाहेर अंधार आहे आणि यांच्या गंगेवर ऊन कसं?" ते व्हिज्युअल २०१९ च्या पुराचं होतं.

आता हे नीट ऐका, कारण मी न्यूज चॅनलच्या डेस्कवर, म्हणजे जिथे बुलेटिन तयार होतं तिथे, काम केलंय आणि हे आतून पाहिलंय. कोपऱ्यात लाइव्ह लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ बुलेटिन लाइव्ह आहे. अँकर आत्ता बोलतोय, फोनवरून जोडलेला रिपोर्टर आत्ता बोलतोय. पण त्या खिडकीत जे पाणी वाहतंय ते लाइव्ह आहे असं कोणीही म्हटलेलं नसतं. लायब्ररीतून काढलेलं फाइल व्हिज्युअल असतं ते. रिपोर्टर घाटावर पोहोचलेला नाही, स्ट्रिंगरचं, म्हणजे दर बातमीमागे पैसे मिळणाऱ्या स्थानिक बातमीदाराचं, फुटेज यायचंय आणि रनडाउनमध्ये, म्हणजे बुलेटिनच्या ठरलेल्या क्रमात, बातमी पुढे ढकलता येत नाही, मग मागच्या पुराचं पाणी लावतात. घाई मला कळते, मी ती केलीय. पण वर्तमानपत्र जुना फोटो छापतं तेव्हा खाली बारीक अक्षरात 'संग्रहित छायाचित्र' लिहितं ना? टीव्हीला तेवढे दोन शब्द लिहायला काय जातं? स्क्रीनवर तीन पट्ट्या, एक घड्याळ आणि वर जाहिरात एवढं सगळं मावतं.

हाच प्रकार यूट्यूबवर आणखी वाईट रूपात दिसतो. काही जण जुन्या पुराचं रेकॉर्डिंग घेतात आणि लाइव्ह स्ट्रीम म्हणून लूपवर सोडतात. चोवीस तास तोच पाच मिनिटांचा तुकडा. वर लाल रंगात लाइव्ह, खाली हजारो लोक बघतायत, चॅटमध्ये 'देवा सगळ्यांना सांभाळ'. हे तर बुलेटिनही नाही. यात आत्ताचं काही असेल तर ती फक्त बघणाऱ्या लोकांची काळजी.

तिसरी गोष्ट तुमच्या स्वतःच्या फोनची. खरंखुरं लाइव्ह चालू आहे, पण तुम्ही मधेच फोन आला म्हणून थांबवलं आणि नंतर परत चालू केलं. आता तुम्ही दहा मिनिटं मागे आहात आणि व्हिडिओ पुढे चाललाय. खाली 'लाइव्ह' शब्दाशेजारचा ठिपका बघा. लाल असेल तर तुम्ही पुढच्या टोकाला आहात, करडा असेल तर मागे. त्यावर बोट ठेवलं की परत टोकाला याल. माझी आई निवडणूक निकालाचा पूर्ण दिवस तशी मागे राहून बघत होती आणि फोन करून मला आघाड्या सांगत होती, ज्या केव्हाच बदलल्या होत्या.

म्हणून पुराचं, गर्दीचं, अपघाताचं काहीही बघताना आधी ऊन-सावली बघा, पाऊस बघा. मग रिपोर्टर स्वतः त्या चित्रात उभा आहे की चित्र वेगळं आणि आवाज वेगळा, ते बघा. पाण्याच्या बाबतीत धरणाच्या विसर्गाचा आकडा आणि होळकर पुलाजवळचा आकडा जलसंपदा विभाग आणि जिल्हा प्रशासन देत असतं. चित्र भयंकर आणि आकडा छोटा असेल तर चित्र जुनं समजा. आणि फॉरवर्ड करू नका, हात जोडून सांगते. गंगेकाठचा माणूस त्यावर टेम्पो बोलावतो.

कमेंटमध्ये कोणीतरी म्हणणारच, "ताई, हे सगळं टीआरपीसाठी." अर्धं बरोबर आहे. टीआरपी बार्क ही संस्था मोजते. निवडक घरांत मीटर असतो, तो चॅनलच्या आवाजात दडवलेली खूण ओळखतो. ऑक्टोबर २०२० मध्ये टीआरपी घोटाळ्याचं प्रकरण निघालं आणि न्यूज चॅनल्सचे आकडे बंद झाले, ते मार्च २०२२ मध्ये परत सुरू झाले. त्या मधल्या काळात टीआरपी नव्हता, तरी आरडाओरडा होताच. कारण मी जिथे होते तिथे तोवर भिंतीवरच्या स्क्रीनवर दुसरा आकडा आला होता, यूट्यूबवर या क्षणाला किती जण बघतायत तो. टीआरपी आठवड्याने कळायचा. हा आकडा दर सेकंदाला हलतो. अँकरचा आवाज वाढला की तो वाढतो, हे डेस्कवरच्या प्रत्येकाला दिसतं. अशा दबावाखाली शांतपणे बातमी सांगणारे लोक आजही आहेत आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

बदल प्रेक्षकांतही झालाय, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. २७ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचं कामकाज लाइव्ह दाखवायला सुरुवात झाली आणि त्यात शिवसेनेचं प्रकरण होतं. मराठी माणसाने ती सुनावणी मधल्या कोणाशिवाय, थेट बघितली. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं, तेव्हा इस्रोच्या स्वतःच्या यूट्यूब चॅनलवर एकाच वेळी ८० लाखांहून जास्त लोक होते. लोकांना बातमी हवी आहे, फक्त ती जिथे घडते तिथूनच घ्यायची सवय लागलीय.

आपल्याकडचा कांदाच बघा. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी लागू झाली. मुंबईच्या स्टुडिओत त्यावर पक्षांचे प्रवक्ते भांडत होते. निफाड-चांदवडच्या शेतकऱ्याला हवं होतं ते एवढंच: उद्या लासलगावला लिलाव आहे की बंद, ट्रॅक्टर भरू की नको? ते उत्तर त्याला मार्केटमध्ये मोबाइल धरून उभ्या असलेल्या स्थानिक पोराने दिलं. तो पोरगा स्क्रीनवर नावाची पट्टी लावत नाही, त्याच्याकडे ओबी व्हॅन नाही, पण त्याच्या मागे आजचा कांदा ओतलेला दिसतो. राज्यभराच्या चॅनलला हे रोज जमणार नाही, मान्य. पण जिल्ह्याजिल्ह्यातल्या स्ट्रिंगरला एका स्टोरीमागे तुटपुंजे पैसे द्यायचे आणि मग प्रेक्षक कुठे गेला म्हणून मीटिंगा घ्यायच्या, हे मला पटत नाही.

अरे हो, उभ्या व्हिडिओंबद्दलही बऱ्याच जणांनी विचारलंय. टीव्हीचं आडवं चित्र कापून उभं केलं की दोन्ही बाजूचा घाट जातो आणि मधली गर्दी तेवढी उरते. मग गर्दी आहे त्यापेक्षा जास्त वाटते. सिंहस्थात असे तुकडे ढिगाने येतील. शक्य असेल तेव्हा मूळ आडवा व्हिडिओ शोधा.

शेवटची कमेंट सिन्नरच्या एका आजोबांची: "नातू म्हणतो, डिश काढून टाका, सगळं मोबाइलवर येतं. काढू का?"

आजोबा, काढू नका. स्ट्रीमिंगमध्ये बघणाऱ्या प्रत्येकाला वेगळी प्रत पाठवावी लागते. उपग्रहाचं तसं नाही, मांडवातल्या एका कर्ण्यासारखं एकदाच बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं, दहा असोत की दहा लाख. अमृतस्नानाच्या दिवशी लाखो फोन एकाच घाटावर येतील तेव्हा तिथलं मोबाइल नेटवर्क मान टाकेल, घाटावरून कोणाचं लाइव्ह निघणंही अवघड होईल. ओबी व्हॅन थेट उपग्रहाशी बोलते, तिला त्या गर्दीचा अडथळा नाही, आणि तुमच्या छतावरच्या डिशलाही नाही. मुसळधार पावसात डिशचा सिग्नल मधेमधे जातो हे खरं आहे, म्हणून घरात एक साधा रेडिओही ठेवा, नाशिक आकाशवाणी लागते. महिन्याचा रिचार्ज जड होत असेल तर नातवाला डीडी फ्री डिश बसवायला सांगा, एकदा बसवली की दरमहा पैसे लागत नाहीत. आणि केबलचं छतावरचं टोक जूनच्या आधी एकदा बघून घ्यायला सांगा, पाणी शिरतं ते तिथूनच.