खराट्यावरचा कोष

श्रोतेहो, नमस्कार. कोणी अळीचा फोटो दाखवून 'ही कशाची हो?' असं विचारलं, की माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो: होती कुठल्या झाडावर? बहुतेक वेळा उत्तर येतं, 'झाड नाही बघितलं.' फुलपाखरू मधासाठी कुठल्याही फुलावर जाईल, पण अंडं घालताना मादी भारी चोखंदळ. पायांनी पान चाखून बघते आणि मगच अंडं घालते. म्हणून आधी झाड ओळखा, मग अळी. पुन्हा सांगतो, आधी झाड.

आता सावंतवाडीच्या माझ्या मावशीची गोष्ट. पावसाळा होता. तिच्या परड्यात, म्हणजे घरामागच्या परसात, कढीपत्त्याचं झाड, आणि त्याच्या एका पानावर कावळ्याची शीट पडलेली. काळपट तपकिरी, मधे पांढरा पट्टा. मी पान तोडायला हात लावला आणि शीट सरकली! अळीच होती ती. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून लहानपणी अशी घाणेरडी सोंगं काढते. आमच्याकडे केसाळ तो सुरवंट आणि गुळगुळीत ती अळी, म्हणून मी हिला अळीच म्हणणार.

मी फोटो काढत बसलो. मावशी फोडणीसाठी पानं न्यायला आली ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "माझो कढीपत्तो खाता ती, आनी तू फोटो काढतंस?" शेवटी तह झाला. खालची एक फांदी अळीची, बाकी झाड आमटीचं. (पोह्यातला कढीपत्ता ताटाच्या कडेला काढून ठेवणारी माणसं मला कधीच कळली नाहीत. अळीला कळतं ते तुम्हाला कळत नाही?)

शेवटची कात टाकल्यावर अळी हिरवीगार झाली, पाठीवर दोन खोटे डोळे. मावशीने काडी लावून बघितली, तर डोक्यामागून लालभडक दुबेळकं शिंग बाहेर आलं आणि असा काही उग्र आंबूस वास सुटला की मावशीने पदर नाकाला लावला. आणि मग एक दिवस अळी गायब. झाड पालथं घातलं. ती सापडली भिंतीला टेकवलेल्या खराट्यावर! एका हिराला चिकटलेला कोष, डोकं वर, कमरेला रेशमाचा एक धागा, माडावर चढणाऱ्याच्या दोरासारखा. रंग सुकल्या काटकीचा. हिरव्या फांदीवर केला असता, तर हिरवाही झाला असता. मावशीने पुढचे बारा दिवस शेजारणीचा खराटा मागून आणून अंगण झाडलं.

बाराव्या सकाळी मी दात घासत होतो आणि तेवढ्यात फुलपाखरू बाहेर आलं. धावलो. पंख ओले, चुरगळलेले, मग हळूहळू ताणले गेले. काळे पंख, मागच्या पंखांवर पांढरा डाग, कडेला लाल ठिपके. मी जाहीर करून टाकलं, "मावशी, हे कॉमन रोझ!" आदल्याच रात्री मी तिला ऐकवलं होतं, की रोझची अळी ईश्वरीच्या वेलीवर वाढते, त्या वेलीचं विष अंगात साठवते, म्हणून पक्षी त्या फुलपाखराच्या वाटेला जात नाहीत.

मावशीने चूळ भरली आणि विचारलं, "तूच सांगलंस मां ईश्वरीचा? आमच्या परड्यात ईश्वरी खंय आसा?"

मग मी पंख सोडून अंग बघितलं. काळं. रोझचं अंग लाल असतं. ही होती कॉमन मॉर्मनची मादी. अंगात विष नाही, नुसता रोझचा वेष. या मादीची तीन रूपं असतात: एक नरासारखं, एक कॉमन रोझसारखं, एक क्रिमझन रोझसारखं. हे सगळं वेषांतर एका जनुकावर चालतं, असं फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली दाखवून दिलं. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन, 2015 पासून, ते हिच्याच भाऊबंदांतलं. कढीपत्ता लिंबाच्या गोतावळ्यातला, आणि ब्लू मॉर्मनच्या अळ्याही त्याच गोतावळ्यात वाढतात.

तर फोटोचं एवढंच. सकाळी, कोवळ्या उन्हात, फुलपाखरू पंख शेकत बसलेलं असताना जा. आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नका. पंख मिटले तर हिरमुसू नका, खालच्या बाजूची नक्षीच पुष्कळदा ओळख पटवते. मोबाईल पंखांना समांतर धरा. एक फोटो पंखांचा, एक अंगाचा, आणि अळी असेल तर एक झाडाचा, पानं नीट दिसतील असा. अंगाचा आणि झाडाचा. आणि परड्यात घाणेरी लावू नका हो, फुलपाखरं येतात म्हणून लोक लावतात आणि ती रान गिळत सुटते.

मावशीने खराटा परत वापरायला काढला. कोषाचं रिकामं टरफल असलेला हीर तेवढा उपटून देवघराच्या फळीवर ठेवला. माझ्याकडे त्या सकाळचे चाळीस फोटो आहेत. सगळे पंखांचे. अंग एकातही दिसत नाही.