भागाकार शेवटी करा: कॉम्प्युटरच्या कॅल्क्युलेटरवर अपूर्णांक

(नाशिक येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, विंडोजच्या कॅल्क्युलेटरवर अपूर्णांकाची वेगळी कळ नाही. अंश वर, छेद खाली, मधे आडवी रेघ, असं काही तिथे लिहिता येत नाही. त्याला फक्त भागाकार कळतो. म्हणून रेघेचं काम कंसाकडून करून घ्यायचं, आणि भागाकार होईल तितका शेवटी करायचा. आज मला एवढंच सांगायचं आहे, पण ते हिशेबात मुरायला हवं.

आधी मोड बघा. कॅल्क्युलेटर बहुतेक वेळा स्टँडर्ड मोडमध्ये उघडतो. तिथे पाऊण अधिक दोन तृतीयांश करू. ३ ÷ ४ + २ ÷ ३ = असं ओळीनं दाबलं, की उत्तर येतं ०.९१६६६… खरं उत्तर आहे १७/१२, म्हणजे १.४१६६६… चूक कुठे झाली? स्टँडर्ड मोड प्रत्येक चिन्हापाशी आधीचा हिशेब उरकून टाकतो. पाऊण झाले, त्यात २ मिळवले, २.७५ झाले, आणि त्या सगळ्यालाच ३ नं भागलं. दोन्ही उत्तरांचं शेपूट १६६६ असंच आहे, त्यामुळे नजरेला शंकाही येत नाही. आल्ट आणि २ एकत्र दाबा, सायंटिफिक मोड येईल. त्याच कळा त्याच क्रमानं दाबा, आता १.४१६६६ मिळेल, कारण हा मोड भागाकार आधी करतो आणि बेरीज नंतर. स्टँडर्डमध्येच राहायचं असेल तर एम सी दाबून मेमरी पुसा, ३ ÷ ४ = करून एम प्लस, २ ÷ ३ = करून एम प्लस, आणि शेवटी एम आर, म्हणजे मेमरीत साठलेली बेरीज परत दाखवणारी कळ.

सायंटिफिकमध्येही कंस विसरून चालत नाही. सव्वादोन, पावणेतीन हे आपल्या तोंडात सहज येतं. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ असलेल्या पिढीला तर हे कागदावरही घ्यावं लागत नसे. कॅल्क्युलेटरला मात्र पावणेतीन म्हणजे (३ − १ ÷ ४) असं फोडून सांगावं लागतं. दोन पूर्णांक तीन अष्टमांशला सव्वानं भागायचं असेल, तर (२ + ३ ÷ ८) ÷ (१ + १ ÷ ४). उत्तर १.९. कंस गाळले तर २.६२५ येतं. छेदात गुणाकार असेल तिथे हा घोटाळा हमखास होतो: ५ भागिले ‘६ गुणिले ७’ हे ५ ÷ (६ × ७) असंच लिहा. नाहीतर ७ वर जाऊन अंशाला गुणून बसतो.

आता भागाकार शेवटी का, ते बघू. जुन्या वाटणीपत्रात हिस्सा आणे-पैत लिहिलेला असतो. ५ आणे ४ पै म्हणजे ६४ पै, आणि रुपयाच्या पै १९२. म्हणजे बरोबर एक तृतीयांश. सातबाऱ्यावर क्षेत्र १ हेक्टर २७ आर, म्हणजे १२७ आर आहे असं धरा (एक आर म्हणजे १०० चौरस मीटर). १२७ × ६४ ÷ १९२ केलं तर ४२.३३ आर येतात. कुणी आधीच ‘एक तृतीयांश म्हणजे ०.३३’ असं धरलं, तर १२७ × ०.३३ = ४१.९१. फरक दिसायला आरच्या अर्ध्याहूनही कमी, पण तो ४२ चौरस मीटरच्या वर आहे, म्हणजे साडेचारशे चौरस फुटांहून जास्त. तिघा भावांचा मिळून सव्वा गुंठा कागदावरून नाहीसा होतो. इथल्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींमधल्या वर्कशॉपमध्ये हेच बारीक मापात होतं. ५/१६ इंच म्हणजे २५.४ × ५ ÷ १६ = ७.९३७५ मिलिमीटर. ०.३१ धरून केलं तर ७.८७४, आणि तेवढ्यानं फिटिंग बिघडतं.

यात यंत्राचा दोष नाही. विंडोजचा कॅल्क्युलेटर १ ÷ ३ केल्यावर आतमध्ये अंश आणि छेद वेगळे जपतो. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं त्याचा सोर्स कोड खुला केला, त्यात हे बघता येतं. म्हणून लगेच × ३ केलं की नेमका १ मिळतो. आपण मधलं उत्तर कागदावर ०.३३३३ असं उतरवून पुन्हा टाइप करतो, तिथे छेद हरवतो.

दशांशावरून परत अपूर्णांक हवा असेल तर व्यस्ताची कळ, म्हणजे ‘एक छेद एक्स’, वापरा. १.४१६६६ स्क्रीनवर असतानाच पूर्णांक १ लिहून घ्या आणि वजा करा. उरलेल्याचा व्यस्त घ्या, २.४ येतो. २ लिहा, वजा करा, व्यस्त घ्या, २.५ येतो. पुन्हा २ लिहा, वजा करा, व्यस्त घ्या, २ आला, संपलं. आता उलट चढायचं: २ + १/२ = ५/२, मग २ + २/५ = १२/५, मग १ + ५/१२ = १७/१२. मधलं कुठलंही उत्तर हातानं टाइप करू नका, नाहीतर ही साखळी जुळणार नाही. २ च्या वर्गमुळासारख्या संख्येत ती संपतच नाही, तिथे सोयीच्या टप्प्यावर थांबायचं.

एक्सेलमध्ये वेगळी काळजी घ्यावी लागते. सेलमध्ये ३/४ टाइप केलं तर आपल्याकडच्या सेटिंगमध्ये ३ एप्रिल ही तारीख उमटते. आधी ०, मग स्पेस, मग ३/४ लिहा. फॉर्म्युल्याच्या उत्तराला फ्रॅक्शन फॉरमॅट देताना छेद एक अंकी ठेवला, तर १७/१२ च्या जागी १ ३/७ दिसतं. सेलमधली किंमत बरोबरच असते, दाखवलेला अपूर्णांक तेवढा जवळपासचा असतो, आणि प्रिंट काढल्यावर तोच खरा समजला जातो. दोन अंकी छेद निवडा. छेद १२ च हवा असेल, तर कस्टम फॉरमॅटमध्ये # ??/१२ असा नमुना द्या, त्यातले आकडे मात्र इंग्रजी कळांचे.